एकाच डब्यातलं तेल

काल्हेर,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

मामा,

पत्राला कोलंबीचा वास आला तर नाक मुरडू नकोस. ते गोदूमावशीच्या टोपलीतून येतंय. फोन केला तर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज केला तर अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणून तू मोबाईल कपाटात ठेवून देतोस. मग उरली गोदूमावशी. रोज सकाळी खारबावहून मासळी घेऊन इकडे येते, दुपारी रिकाम्या टोपलीनं परत जाते. जाताना पत्र न्यायचं, येताना उत्तर आणायचं, असं तिच्याशी ठरवून टाकलंय.

बातमी अशी की मला पडघ्याच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये शिफ्ट इन्चार्जची नोकरी लागलीय. एक डिसेंबरपासून. इथे काल्हेरला दिवसभर चलनं लिहिते, तिथे हाताखाली चाळीस माणसं असतील. ड्युटी सकाळी सहाला सुरू. त्या वेळेला इथून पडघ्याला जायला काही मिळत नाही, म्हणजे गाडी चालवत जायचं. गाडी घरात आहे, देवेशची छोटी पांढरी. लायसन मला जूनमध्येच मिळालं, पण पावसाळाभर सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, मला तिला हात लावू दिला नाही. दसऱ्यानंतर हातात दिली.

आणि मामा, गिअर वाजतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना असा कर्र करतो की ओट्यावर बसलेली माणसं वळून बघतात. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत एकदाही वाजला नव्हता. देवेश नवरा असून म्हणतो, "माझ्या हातात कधी वाजली नाही, तू क्लच अर्धाच दाबतेस." आबा काही न बोलता कानावर हात ठेवतात, ते जास्त लागतं.

आबा कधी नाही म्हणत नाहीत, अट घालतात. परवा जेवताना म्हणाले, "तेवीस नोव्हेंबरला मी तुज्या बाजूला बसन. काल्हेर ते पडघा नि परत. गिअर एकदा जरी कराकला, तं गारी ठान्याच्या मानसाला देऊन टाकू, नि नोकरीचा नाव काढायचा न्हाय." ठाण्याचा माणूस खरा आहे, दोनदा गाडी बघून गेलाय.

मला ही नोकरी हवी आहे. लग्नाला आठ महिने झाले, घर चांगलं आहे, सगळे जीव लावतात, पण मी अजून प्रत्येक ठिकाणी कुणाच्या तरी मागे बसून जाते. तू बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गिअरबॉक्स उघडलेस. मला फक्त एक सांग, मला गाडी येत नाही की गाडीलाच काहीतरी झालंय?

तुझी रुची


खारबाव,
१६ ऑक्टोबर

रुचे,

तुझं पत्र टोपलीतल्या निवट्या माशांच्या पाण्यात भिजून आलं. निम्मं वाचलं, निम्मं अंदाजानं लावलं. पुढच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे.

नोकरीचं वाचून बरं वाटलं. मामी असती तर गावभर सांगत फिरली असती. मी ऐकू न येणाऱ्या माणसाच्या आवाजात, म्हणजे ओरडून, स्टेशनपर्यंत सांगून आलो.

आता गिअरचं. मला विचारशील तर देवेशरावांचं खरं असणार. अर्धं दाबणं ही तुझी जुनी खोड. सायकल शिकताना ब्रेकही अर्धाच दाबायचीस आणि समोरच्यांच्या कुंपणात शिरायचीस. तरी गिअरबॉक्सला न विचारता निकाल देणं माझ्या शिस्तीत बसत नाही, म्हणून सांगतो ते कर.

गाडी जागेवर उभी ठेव, इंजिन चालू कर, क्लच तळापर्यंत दाब, मनात पाच आकडे मोज आणि मग रिव्हर्स टाक. कराकला तर दोष क्लचमध्ये किंवा तुझ्या पायात. गुपचूप पडला तर क्लच आणि पाय दोन्ही सुटले, आपण आत शोधायचं. नंतर हेही बघून ठेव की सकाळी थंड गाडीत गिअर कसा पडतो आणि अर्धा तास चालल्यावर कसा.

आणि शेवटचं, गिअरबॉक्सात तेल कुठलं आहे? इंजिनाचं नाही विचारत, गिअरचं. डब्यावर जे छापलंय ते जसंच्या तसं लिहून पाठव. लोक इंजिनाच्या तेलाची सारखी चौकशी करतात, गिअरचं तेल मात्र घरातल्या म्हाताऱ्यासारखं कोपऱ्यात पडून असतं, त्याला कुणी काही विचारत नाही.

चालवताना आवाजाकडे लक्ष देऊ नकोस, तळहाताकडे दे. माझे कान गेले तरी निवृत्त होईपर्यंत मी गिअर दांडीवर हात ठेवून ओळखत होतो.

तुझा मामा,
केसरीनाथ


काल्हेर,
२७ ऑक्टोबर

मामा,

सोबत करंज्या आहेत. दिवाळीत घरात इतकी माणसं होती की लिहायला बसता आलं नाही.

रिव्हर्स टाकला. पाच आकडे मोजले आणि टाकला, आवाज नाही. विश्वास बसेना म्हणून दहा वेळा टाकला. शेवटी सासूबाईंना शेजारी बसवलं, साक्षीला कुणीतरी हवं म्हणून. कमळाआई बोलत नाहीत फारसं. त्यांनी शांतपणे चार वेळा रिव्हर्स पडलेला पाहिला आणि उतरताना दार नेहमीपेक्षा जोरात लावलं. मला ते शाबासकीसारखं वाटलं. आणि तुला सांगते, ब्रेक मी अर्धा दाबत नव्हते, सायकल तुझी होती आणि तिला ब्रेकच नव्हता.

थंड गाडीत दांडी लाकूड झाल्यासारखी असते. तापल्यावर हलकी होते, पण दुसऱ्याला कर्र करतेच.

आता तेल. इथे तुला खंडेनवमी सांगावी लागेल. आमच्याकडे त्या दिवशी गोडाऊनच्या मागच्या अंगणात सगळ्या गाड्या रांगेनं उभ्या करतात, दहाचाकी ट्रक, दोन टेम्पो, ट्रॅक्टर आणि शेवटी ही पांढरी. धुवायच्या, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि प्रत्येकीच्या गिअरमध्ये नवीन तेल. जुनं देवेश काढतो, नवं आबा स्वतः घालतात. आणि सगळ्यांना एकाच डब्यातलं. आबांचं म्हणणं, घरात दुजाभाव नको. देवेश आणि भाविक भावजींना लहानपणी शर्टसुद्धा एकाच ताग्यातले शिवायचे म्हणे, तसंच हे. आधी कुठलं तरी पातळ तेल यायचं, यंदा नवा डबा आणला. आबा मोठ्या प्रेमानं सांगत होते की हे एका फार मोठ्या जाणकारानं सुचवलंय, ट्रकला चालतं म्हणजे सगळ्यांना चालतं. जाणकार कोण ते विचारलं, तर म्हणाले, "तुना काय करायचाय?"

डब्यावर असं आहे, पंच्याऐंशी डब्ल्यू एकशेचाळीस, जीएल-फाइव्ह.

देवेशला म्हटलं, एकदा तू चालवून दाखव. तो म्हणाला, मला सिद्ध काय करायचंय. दसऱ्यापासून त्यानं या गाडीचं स्टिअरिंग धरलेलं नाही, हे माझ्या आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रुची


खारबाव,
३० ऑक्टोबर

रुचे,

करंज्या मिळाल्या. गोदूनं दोन वाटेत खाल्ल्या, ते तिनं स्वतः कबूल केलं.

तुझा पाय चांगला आहे. अर्ध्या ब्रेकचा आरोपही मागे घेतो. दोष तेलाचा आहे आणि तो इतका उघड आहे की मला डबा न बघता कळायला हवा होता.

नीट समजून घे. तुझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला पितळेची एक कडी असते. एक चक्र जोरात फिरतंय, दुसरं सावकाश, त्यांचे दात एकमेकांत बसायच्या आधी ही कडी फिरत्याला घासून, धरून, दोघांना एका वेगावर आणते. हलता झोका हातानं थांबवल्याशिवाय त्यावर बसता येत नाही, तसंच. आता हातांना तेल चोपडून झोका धरायला गेलीस तर तो निसटणार. तुझ्या कडीचं तेच झालंय. जीएल-फाइव्ह तेल तिच्यासाठी फार निसरडं आहे. ती धरायला जाते, धरता येत नाही, आणि दात दातावर आपटतात. तो तुझा कर्र.

जीएल-फाइव्ह वाईट आहे असं नाही. ट्रकच्या मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या पेटीत, दात एकमेकांवर रेटले जातात, तिथे तेच हवं. दात झिजू नयेत म्हणून त्यात रासायनिक औषध जास्त घातलेलं असतं, आणि काही डब्यांतलं ते औषध वर्षभरात पितळ खाऊ शकतं. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा म्हणून तेल वरचं, असा हा हिशोब नाही. चार वेगळ्या कामाचं, पाच वेगळ्या कामाचं. वर एकशेचाळीस म्हणजे इतकं जाड की सकाळी तुझी दांडी लाकूड होणारच.

छोट्या गाडीला बहुतेक जीएल-फोर लागतं. पण या 'बहुतेक'वर जाऊ नकोस, माझ्यावरही नको. काही गाड्यांना भलतंच पातळ तेल लागतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक शोध, गिअर ऑइलचं पान काढ, तिथे जे लिहिलंय तेच आणायचं.

तेल बदलायला तुझ्या सासऱ्यांची, बाळारामशेठची, परवानगी लागेल. तोवर तुला आमच्या जुन्या ड्रायव्हरांची युक्ती सांगतो, डबल क्लच. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना क्लच दाबून दांडी मध्ये आण, क्लच सोड, पुन्हा दाब, मग दुसरा टाक. खाली येताना मध्ये क्लच सोडलेला असतो तेव्हा हलकासा अ‍ॅक्सिलरेटर दे. कडीचं काम तुझे पाय करतील. आठवडाभर चुकेल, मग बसेल.

आणि तो जाणकार. ट्रकचं तेल डोळे मिटून कुठेही घाला असं जो सांगतो तो गाढव आहे, हे माझं नाव घेऊन घरात खुशाल सांग. अशा माणसांनी किती गिअरबॉक्स माझ्या टेबलावर आणून ठेवलेत ते मला विचार.

मामा


काल्हेर,
८ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र मी चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवलं, गाढवासकट. आबा झोक्याच्या गोष्टीपर्यंत मान डोलावत ऐकत होते. गाढव आल्यावर इतके हसले की चहा नाकात गेला. मग एकदम उठले आणि देवघरात जाऊन काहीतरी शोधत बसले. मला काही कळलं नाही. बाहेर येऊन म्हणाले, "मामाला मी सोता लिवतो. तू मदी पडू नको."

तेल काढायला मात्र साफ नकार. नवमीला देवापुढे घातलेलं तेल पुढच्या नवमीपर्यंत निघत नाही, झालं. मी पुस्तक दाखवलं. ते गाडीच्या खणात नव्हतं, कमळाआईंनी आणून दिलं. तांदळाच्या डब्याखाली घातलं होतं, डबा हलू नये म्हणून. पुसून माझ्यापुढे ठेवलं. पान एकशे अठरा, पंचाहत्तर डब्ल्यू नव्वद, जीएल-फोर, तू म्हणालास तसंच. आबांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, पुस्तक छापणाऱ्यानं आपला रस्ता पाहिलाय का.

डबल क्लच रोज संध्याकाळी करते, गोडाऊनच्या मागच्या खाडीकडच्या गल्लीत. पहिले चार दिवस ट्रकवाले हसत होते. पाचव्या दिवशी एक पांढऱ्या दाढीचा ड्रायव्हर खाली उतरला आणि विचारलं, "बेटी, ये किसने सिखाया? आजकल ट्रकवाले भी नहीं करते." मी म्हटलं, मामाने. आता ते हसत नाहीत, मला वळायला जागा देतात.

दहात एकदा अजून चुकतं. पंधरा दिवस आहेत.

रुची


काल्हेर,
९ नोव्हेंबर

केसरीनाथ व्याही, राम राम.

मी पत्रं लिवनारा मानूस न्हाय, चुकलामाकला समजून घ्या.

सोबत एक वस्तू धाडलीय. रुचिकाच्या लग्नाची पत्रिका हाय. ती उलटी करा. हळदीच्या दिवशी आपन मांडवात बसलो व्हतो. मी तुमाला इचारला, गारीच्या गिअरला तेल कंचा चांगला. तुमी माज्या खिशातला पेन घेतला नि लिवून दिला, एकशेचाळीस नंबर, जीएल-फाइव्ह, कुठल्याही गाडीला डोळे मिटून. खाली तुमची सही बी हाय. मी ती पत्रिका देवघरात ठेवली व्हती. यंदा नवमीला तुमचा शब्द म्हनून तोच डबा आनला.

तर गाढव कोन, ते तुमीच ठरवा. मना काय राग न्हाय आला. हसायला आला, मंग जरा वाईट वाटला.

सुनेला मी तुमचा नाव सांगितला न्हाय. आधी न्हाय सांगितला, कारन ती माज्या मामानी सांगितला म्हनून घरभर मिरवली आसती. आता न्हाय सांगत, कारन पोरीला मामाचा लय अभिमान हाय. तो मोडायचा माज्या जिवावर येते. आपल्या दोगांत राहू द्या.

तेल मी काढनार न्हाय. परीक्षा तेवीसला होनार. तुमाला वाटल हा मानूस सुनेला छळतो. तसा न्हाय. पडघ्याचा रस्ता मी रोज पाह्यतो. सकालच्या टायमाला दोनी बाजूंना ट्रक. ज्याला गिअर टाकता येत न्हाय त्याला मी त्यात सोडनार न्हाय, मंग तो देवेश आसो का सून.

कमळा म्हनते, करंज्यांचा डबा परत धाडा.

तुमचा,
बाळाराम


काल्हेर,
१८ नोव्हेंबर

मामा,

दहा दिवस झाले. गोदूमावशी रोज रिकाम्या हातानं येते. विचारलं तर म्हणते, तुझा मामा ओट्यावर बसलेला असतो, मला बघितलं की आत जातो.

आबांनी तुला काय लिहिलं? काही टाकून बोलले का? की मी गाढव मोठ्यानं वाचलं म्हणून तू रागावलास? तूच लिहिलं होतंस, माझं नाव घेऊन सांग.

परवाचे शंभर गिअर मोजले, सात वाजले. मला भीती वाटतेय. दोन ओळी तरी लिही.

रुची


खारबाव,
२० नोव्हेंबर

रुचे,

तो गाढव मी आहे.

हे एक वाक्य लिहायला दहा दिवस लागले. तुझ्या सासऱ्यांनी तुझ्या लग्नाची पत्रिका पाठवली. तिच्या मागे माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं, तेच तेल लिहिलेलं आहे. त्यांनी तुला हे सांगितलं नाही आणि मलाही सांगू नका म्हणाले, तुझ्या मनातून मी उतरू नये म्हणून. मी असा माणूस फार बघितला नाही. मी त्यांना घरात बसून गाढव म्हणत होतो आणि ते तिकडे माझी लाज झाकत होते.

झालं असं. मांडवात नवे व्याही, त्यांच्या ट्रक-टेम्पोंच्या गोष्टी, आणि मी एक निवृत्त फिटर. त्यांनी आदरानं काहीतरी विचारलं. मी आयुष्यभर मोठ्या बसगाड्यांत हात घातले, छोट्या गाडीचा गिअरबॉक्स तोवर कधी नीट बघितलासुद्धा नव्हता. तो निवृत्तीनंतर शेजाऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करताना, म्हणजे या उन्हाळ्यात, शिकलो. तेव्हा म्हणायला हवं होतं, मला माहीत नाही, कुठली गाडी आहे सांगा, विचारून सांगतो. ते न म्हणता मी पेन मागितला. माझ्या टेबलावर असे किती गिअरबॉक्स आले म्हणून तुला ऐकवलं, तीही फुशारकीच. आणि नंतर मी ते पूर्ण विसरलो. इतक्या लग्नांत इतक्या जणांना मी काय काय लिहून दिलं असेल, या विचारानं आता झोप येत नाही.

तुला सगळे हसत होते आणि मीही पहिल्या पत्रात तुझ्याच पायाला दोष दिला. आवाज माझ्या सहीचा होता. मला क्षमा कर, पोरी. हे पत्र घरात सगळ्यांसमोर वाच. गाढव जसं मोठ्यानं वाचलंस तसंच वाच.

गोदूच्या टोपलीत कोलंबीच्या खाली तेलाचे तीन डबे आहेत. तू लिहिलेलं पान एकशे अठरा कागदावर उतरवून मी स्वतः भिवंडीत जाऊन आणले. दुकानदार म्हणाला, काका, याच्यापेक्षा भारी देतो, जीएल-फाइव्ह. मी त्याला पंधरा मिनिटं झोक्याची गोष्ट सांगितली. गाडी जरा फिरवून तेल कोमट झालं की जुनं काढायचं, मग बाजूच्या भोकातून नवं भरायचं आणि भोकातून टपकायला लागलं की थांबायचं. मात्र काढायचं की नाही हे बाळारामशेठ ठरवतील. त्यांच्या नवमीला मी नावं ठेवणार नाही.

शंभरात सात म्हणजे त्र्याण्णव बरोबर. वर्कशॉपात एवढ्यावर मी माणूस पास करायचो.

मामा


काल्हेर,
२५ नोव्हेंबर

मामा,

डबे मिळाले. कोलंबीही मिळाली, तिला गिअर ऑइलचा वास नव्हता, हे गोदूमावशीचं कौशल्य.

आबांनी चष्मा लावून तिन्ही डब्यांवरचं छापलेलं वाचलं. मग म्हणाले, "घाल मंग परीक्षेच्या आधी. मामानी येवढा धाडलाय." नवमीचा नियम त्यांनी स्वतः मोडला. आणि मीच नको म्हटलं. मला भीती होतीच, पण नव्या तेलावर पास झाले असते तर उद्या कुणीतरी म्हणालं असतं, तेल चालवत होतं. म्हटलं, आबा, रविवारी हेच तेल, सोमवारी नवं.

रविवारी सकाळी निघालो. आबा शेजारी, कमळाआई मागे, मांडीवर भाकऱ्यांचा डबा. देवेशला घरी ठेवलं, तो फार सूचना देतो. माणकोलीपर्यंत माझे हात ओले होते. प्रत्येक दुसऱ्याला दांडी मध्ये, क्लच सोड, क्लच दाब, टाक. हायवेला लागल्यावर बरं वाटलं. पडघ्याच्या बाजारात एक टेम्पो आडवा आला, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणायची होती, मध्ये हलकंसं अ‍ॅक्सिलरेटर दिलं आणि तो असा पडला की मीच दांडीकडे बघितलं. आबांनी कानावर ठेवायला उचललेला हात तसाच डोकं खाजवायला नेला.

तिथे भाकऱ्या खाल्ल्या, चहा घेतला. आबा म्हणाले, "जातानाचा झाला. येताना मना दे जरा, बगू काय आसा मोठा हाय त्यात." बसले. पहिला टाकला, निघाले, दुसरा टाकला आणि कर्र. चहाच्या टपरीवरची सगळी माणसं वळली. तिसरा टाकून परत दुसऱ्यावर आले, पुन्हा कर्र. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही, मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मागून कमळाआई म्हणाल्या, "आता कोनाचा पाय अर्धा हाय?"

आबांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि फेरी मारून माझ्या बाजूला आले. चावी गाडीलाच होती, तरी ती काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "गारी ठान्याला जानार न्हाय. तुजी हाय." परतीच्या वाटेवर एकदा वाजला, मामा, काल्हेरच्या वळणावर. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हॉर्न व्हता कोनाचा तरी."

काल सकाळी देवेशनं गाडीखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यात उतरून जुनं काढलं, आबांनी नवं घातलं, टपकेपर्यंत. जुन्याचा एक थेंब फेकला नाही. देवापुढचं आहे, वाया जाऊ द्यायचं नाही म्हणून गोडाऊनच्या शटरच्या साखळ्यांना लावलं. टेम्पोंची पुस्तकंही आता शोधायला लावलीत.

तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. पहिल्यांदाच तुझं ऐकलं नाही. आबांनी विचारलं, "मामानी काय लिवलंय?" मी म्हटलं, तेल पाठवलंय. "आजून काय?" आजून काय न्हाय. ते हसले आणि त्यांना कळलं की मला कळलंय. तू माझ्या मनातून उतरला नाहीस. उलट, मला माहीत नाही असं म्हणायला हवं होतं, हे तुझ्याकडून ऐकल्यापासून मला पडघ्याच्या चाळीस माणसांची भीती जरा कमी वाटतेय.

रविवारी, सात तारखेला, येते. गोदूमावशीला सांग, त्या दिवशी तिला मी सोडेन.

रुची


खारबाव,
८ डिसेंबर

बाळारामशेठ,

काल रुची आली. एकटी. अंगणात गाडी उभी करून उतरली आणि तिच्या नोकरीचा आठवडा कसा गेला ते हातवारे करून सांगत बसली. मला अर्धं कळलं, पण तोंडावरून सगळं कळलं.

मग मला शेजारी बसवून स्टेशनपर्यंत नेलं. मी दांडीवर हात ठेवला, तिचा हात वर. बत्तीस वर्षं हीच माझी परीक्षेची पद्धत होती. पहिला पडला. मग वेग आला आणि मी वाट बघत राहिलो. दुसरा केव्हा पडला ते माझ्या तळहाताला कळलंच नाही. मी तिच्याकडे बघितलं, तर तिनं तीन बोटं दाखवली, तिसराही पडला होता. शेठ, मी रस्त्यात रडलो. तिला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली. गाडीच्या काचा बंद होत्या.

तुम्ही माझी जी लाज राखलीत ती मी विसरणार नाही. ती पत्रिका परत पाठवतोय. मागचं खोडलं नाही, तसंच ठेवलंय. त्याच्या खाली एवढंच लिहिलंय की आधी गाडी कुठली ते विचारावे, आणि पुन्हा सही केलीय. ती देवघरात ठेवली तरी चालेल.

पुढच्या खंडेनवमीला मला बोलवा. सगळ्या गाड्यांची पुस्तकं काढून ठेवा. मी प्रत्येकीचं तेल वेगळं आणीन, डबे माझ्याकडून. झेंडूच्या माळा मात्र सगळ्यांना एकाच झाडाच्या घालू.

आपला,
केसरीनाथ

करंज्यांचा डबा रुचीबरोबर पाठवलाय. आत सुके बोंबील आहेत, कमळाताईंना सांगा.